रिकामा खिळा

…आणि वर मलाच विचारतात, “आजी, ह्यात कष्ट ते काय? किल्ल्याच तर सांभाळायच्या.” बरोबर आहे. मीसुद्धा हेच म्हणत होते, घसा सुकेपर्यंत म्हणत होते, की बाबांनो, मी किल्ल्या सांभाळते, माणसं नाही. ऐकलं कोणी? आमच्या वन्संनी नाही, जावईबापूंनी नाही, त्या शिट्टीवाल्याने तर नाहीच नाही. आता तुम्ही समोर बसलाच आहात तर तुम्ही तरी ऐका, आणि मधेमधे खोकू नका, मला बोलताना तोडलेलं चालत नाही.

आमचं घर समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशी. घर म्हणजे मागे दोन खोल्या आणि पुढे आमच्या ह्यांचं सायकलींचं दुकान. हे गेले, सायकली गेल्या, उरलं काय, तर भिंतीवरची लांबलचक फळी, ट्यूबा टांगायला ठोकलेल्या खिळ्यांची, आणि भाड्याच्या सायकलींचे नंबर पाडलेले पितळी बिल्ले, डबाभर. मी आणि वन्सं, म्हणजे ह्यांची बहीण, तीही माझ्यासारखीच एकटी उरलेली, दोघी दिवसभर दारात बसून समोरची गंमत बघायचो. गंमत कसली, तर ते लाटवाले. सर्फिंग म्हणतात त्याला. अंगाला चिकटणारा काळा रबरी पोशाख चढवायचा, दाराएवढा बोर्ड काखोटीला मारायचा, पाण्यात शिरायचं, लाटेवर उभं राहायचं, पडायचं, परत उभं राहायचं, परत पडायचं… आणि ह्याच्यासाठी माणसं पहाटे उठतात. आमच्या घरात नुसतं पडायला कोणाला पहाटे उठावं लागलेलं नाही.

तर ह्या रबरी पोशाखाला खिसा नसतो. पूर्वीची गाडीची किल्ली नुसत्या लोखंडाची, गळ्यात बांधून पोहलं तरी चालायचं. आताच्या किल्लीच्या पोटात बॅटरी, खारं पाणी लागलं की ती मेलीच. मग हे शिकलेसवरलेले लोक काय करायचे, तर इकडे बघायचं, तिकडे बघायचं, आणि किल्ली हळूच टायरवर ठेवायची. सगळेच्या सगळे टायरवर! आणि एक टोपीवाला गृहस्थ, चांगला बाप्या माणूस, हातात कुत्र्याची दोरी घेऊन रोज यायचा आणि वाकून वाकून टायर चाचपत जायचा. मी म्हटलं, “वन्सं, त्याच्या दोरीला कुत्रं कुठाय?” तर म्हणतात, “हरवलं असेल हो बिचाऱ्याचं, तेच शोधतोय.” अशी माझी धंद्यातली भागीदार.

दुसऱ्या दिवशी मी दारावर खडूने लिहिलं, ‘किल्ल्या सांभाळून मिळतील.’ मुलगी धावत आली. “आई, लोक काय म्हणतील? जावई बँकेत आणि सासू दारात बसून किल्ल्या राखते?” म्हटलं, तो लोकांचं राखतो, मीही लोकांचं राखते, त्याला पंखा आहे एवढाच फरक. जावईबापू मागून आले, खुर्चीवर बसले, बोटं जुळवली. “आई, कल्पना चांगली आहे, पण मोठी नाही होणार. आपण ॲप काढू.” म्हटलं, बापू, खिसा नाही म्हणून तर माणूस माझ्या दारात आलाय, पाण्यात तो ॲप कुठे खोचणार?

माझी पद्धत साधी. किल्ली खिळ्यावर, त्याच नंबराचा बिल्ला माणसाच्या मनगटावर. जुन्या ट्यूबांच्या पट्ट्या कापून मी त्यांत बिल्ले ओवले, पाण्यात काय, वादळात सुटायचे नाहीत. बाहेर आलं की बिल्ला दाखवा, किल्ली न्या. बिल्ला डब्यात, खिळा रिकामा, मी मोकळी. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. मी किल्ल्या सांभाळते, माणसं नाही.

झालं, धंदा चालला. आणि धंदा चालला की लोक त्याचं काय करतील ह्यावर आपला ताबा राहत नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आधी एकीचा फोन आला, “आजी, आमच्या ह्यांची किल्ली आहे का हो अजून?” मी बघितलं, म्हटलं, आहे. “म्हणजे पाण्यातच आहेत. मग जेवण गरम करत नाही.” मग दुसरीचा. मग कोणाच्या तरी आईचा, ती फोन ठेवायचीच नाही, “आता आहे का? आता बघा ना परत, आता?” अहो बाई, किल्ली आहे ती, दूध नाही, बघता बघता उतू जायला. पण वन्संना काय हुरूप. पदर सावरून फोन घ्यायच्या, मान उंच करून फळी बघायच्या, आणि डॉक्टरीणबाईसारख्या सांगायच्या, “हो, गेली किल्ली, निघाले ते. काळजी नसावी.” मी म्हटलं, “वन्सं, किल्ली गेली एवढंच सांगा. निघाले कशाला सांगता?” तर म्हणतात, “वहिनी, तुमच्या जिभेला हाड नाही म्हणून मी गोड बोलते, नाहीतर गिऱ्हाईक टिकेल का?”

आणि शिट्टीवाला. म्हणजे खालचा जीवरक्षक, किनाऱ्यावर बुडणाऱ्याला बाहेर काढायला नेमलेला. आधी हा माणूस संध्याकाळी दुर्बीण लावून पाणी विंचरून काढायचा, इकडून तिकडे, तिकडून इकडे, मगच होडी आत ओढायचा. माझी फळी झाल्यापासून हा काय करायला लागला, तर पायऱ्या चढून वर यायचा, दारातून फळी बघायचा, “रिकामी का आजी? चला, सुटलो,” की गेला. समुद्राकडे पाठ. मी सांगितलं त्याला, अरे, तुझं काम तिकडे आहे, इकडे नाही, मी किल्ल्या सांभाळते, माणसं नाही. हसला. “आजी, तुमच्या खिळ्यांना माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त दिसतं.” मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला सरकारी माणसाने असं म्हटलं तर बरं वाटतं.

आता गिऱ्हाइकांत एक होता दातांचा डॉक्टर. मी त्याला दातवाला म्हणायची. महा चावट. येताना आणि जाताना दारात उभा राहून एकच, “आजी, आ करा.” म्हटलं, माझे दात आत वाटीत ठेवलेत, जा बघून ये. जाताना परत, “आजी, आ करा.” एकदाही चुकला नाही.

त्या दिवशी आभाळ कळकट, वारा जमिनीकडून पाण्याकडे फिरलेला. असा वारा माणसाला आत ढकलतो, बाहेर यायला देत नाही, एवढं दारात बसून मलाही कळायला लागलं होतं. दातवाला आला तो मेहुण्याला घेऊन, बायकोचा धाकटा भाऊ, पाहुणा आलेला. “आजी, आ करा. हा आमचा मेहुणा, ह्याला आज उभं करतो.” दोघं गेले. दुपार कलल्यावर मेहुणा एकटा वर आला, ओठ निळे, दात वाजताहेत, हातात बिल्ला. “दाजी म्हणाले, गाडीत जाऊन बस, ऊब येईल.” बिल्ला खरा, नंबर खरा. मी किल्ली दिली. दिली म्हणजे काय, द्यायचीच, पद्धतच ती. तो गाडीत बसला, ऊब काही येईना, म्हणून घरी गेला कपडे बदलायला, की बदलून लगेच येतो. घरी पांघरूण दिसलं. बस्स. पांघरुणात शिरला आणि झोपला.

बाकीचे एकेक करून निघाले. त्यांना वाटलं, दातवाला मेहुण्याबरोबर गेला. का नाही वाटणार? गाडी नव्हती. दिवेलागणीच्या सुमाराला त्याच्या बायकोचा फोन, कामावरून निघाली होती ती. वन्संनी फळी बघितली, लख्ख रिकामी, आणि म्हणाल्या, “निघाले हो, केव्हाच निघाले. काळजी नसावी.”

मी आत भांडी घासत होते. हात थांबला. म्हटलं, वन्सं, तो ‘आ करा’ म्हणून गेला का? त्या म्हणाल्या, “गेला असेल घाईत.” म्हटलं, तो घाईत गेला असेल, पण न छळता जाणारा नाही. आणि मग मला मेहुण्याचा निळा हात दिसला, बिल्ला देणारा. अहो, बिल्ला दुसऱ्याच मनगटाचा होता!

ते गुडघे घेऊन त्या पायऱ्या मी कशा उतरले, मला विचारू नका. खाली शिट्टीवाला होडीच्या खोलीला कुलूप घालत होता.

“एक माणूस आत राहिलाय,” मी म्हटलं.

“फळी रिकामी नाही का?”

“रिकामी आहे.”

“मग?”

“मग काय मग? किल्ली दुसऱ्याने नेली.”

“आजी, खिळा रिकामा म्हणजे पाणी रिकामं. तुमचंच शास्त्र.”

“माझं शास्त्र खड्ड्यात घाल. होडी काढ.”

“नाव काय त्याचं?”

नाव? मी नाव विचारत नाही ना. “दातवाला,” म्हटलं.

“गाडी वर उभी आहे?”

“मेहुण्याने नेली.”

“म्हणजे किल्ली नाही, गाडी नाही, नाव नाही. आजी, मग आहे काय?”

“माणूस आहे,” मी म्हटलं. “पाण्यात.”

तुम्हाला सांगते, मला खोटं ठरवायला जगात दुसरं कोणी लागलं नाही, माझे खिळेच पुरले. त्याने साहेबाला फोन केला, साहेबाने विचारलं, फळी काय म्हणते? फळी काय म्हणते! मग वन्संनी वरून दातवाल्याच्या बायकोला फोन केला, तिने भावाला उठवलं, तो पांघरुणातून म्हणाला, “दाजी अजून आले नाहीत?” आणि तेव्हा होडी निघाली. तोवर पाणी आणि आभाळ वेगळं दिसायचं थांबलं होतं.

बोर्ड आधी सापडला, पायाला बांधायची त्याची दोरी तुटलेली. तो नंतर. खडकांपाशी.

त्याची बायको आमच्याकडे आली होती पुढे. भांडायला आली असेल असं वाटून मी तयार होते, भांडणाला मी कधी ना म्हणत नाही. पण ती ओट्यावर बसली आणि वन्संना एवढंच म्हणाली, “तुम्ही निघाले म्हणालात, म्हणून मी वाटेत भाजी घ्यायला थांबले.” आमच्या वन्संनी तेव्हापासून फोनला हात लावलेला नाही. वाजला की स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहतात.

मी पक्कड घेतली आणि खिळे उपटायला लागले. मुलगी म्हणाली, “बरं झालं आई, बंद कर.” जावईबापू म्हणाले, “आई, वाईट झालं, पण एक सांगू? लोकांचा विश्वास वाढलाय. वाढवायची हीच वेळ आहे.” पक्कड माझ्या हातात होती, ते जरा मागे सरकले.

आणि सकाळी दार उघडते तर सगळे लाटवाले पायऱ्यांवर उभे. बोर्ड काखेत. मी म्हटलं, बंद झालंय, जा, टायरवर ठेवा. हलेनात. शाळेत शिकवणारी एक बाई आहे त्यांच्यात, ती पुढे आली. “आजी, त्या दिवशी तुम्ही उतरला नसतात तर आम्हाला कळलंसुद्धा नसतं.” म्हटलं, कळून काय उजेड पडला? तिने माझ्या तळहातावर किल्ली ठेवली आणि माझीच बोटं मिटली. तिच्या मागे दुसरा. त्याच्या मागे तिसरा… मी परत खिळे ठोकत बसले, वाकडे झालेले सरळ करून.

आता नियम वेगळा. ज्याने दिली त्यानेच न्यायची, नाव सांगायचं, जाताना तोंड दाखवायचं आणि माझ्याकडे बघून ‘निघालो’ म्हणायचं. तेही म्हणतात, गुमान म्हणतात. शिट्टीवाला परत दुर्बीण लावतो, मी वरून त्याच्यावर नजर ठेवते, तो पाण्यावर ठेवतो. परवा मला ताप भरला, मुलगी म्हणाली, आई, पडून राहा. पडू कशी? वन्सं फोन घेत नाहीत, जावई मनगट ओळखत नाहीत, आणि किल्ल्या खिळ्यावर.

माझ्या वयाच्या बायका सकाळी उठून हात जोडतात, देवा, आता ने. मला तेही म्हणायची चोरी. न्यायचंच असेल तर अंधार पडल्यावर ये म्हणावं, फळी मोकळी झाली की. दिवसा जमायचं नाही, माणसं पाण्यात असतात.