आता मी चालवते

नेवाडाच्या वाळवंटातल्या पेट्रोलपंपावर आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरं, घेऊन फिरणाऱ्यांची पाण्याच्या नळाशी रांग लागली होती. मागून मराठी ऐकू आलं, तशी रेणूमावशींनी कानातलं ऐन रंगात आलेलं कीर्तन थांबवलं आणि मनोमन बुवांची क्षमा मागितली.

"उल्हास, आता मी चालवते."

"उद्या चालव ना, आसावरी."

"गाडी भाड्याने घेतल्यापासून उद्याच चाललंय तुझं. उद्या सकाळी ती परत द्यायचीय!"

"अगं, ही आपली कार नाही. अख्खं घर आहे मागे. भांडी आहेत, गॅस आहे."

"काल ब्रेक मारून पोह्यांचा डबा कुणी सांडला?"

"पण कुठे आपटलीस तर?"

"कशावर आपटू? सकाळपासून एकच झाड दिसलंय, यार."

"त्याच्यावरच आपटशील."

"उल्हास, मला खरंच चालवायचीय."

"...बरं. मग मी काय करू?"

"मी आठवडाभर केलं तेच. शेजारी बस आणि प्रत्येक वळणाला 'सावकाश' म्हण."

"इथे वळण आहे कुठे?"

"मी कुठे थांबले होते वळणासाठी?"

रेणूमावशींनी न राहवून मागे पाहिलं. उल्हासने किल्ली पुढे केली होती, पण सोडली नव्हती.

"सावकाश," तो म्हणाला.