भिंतीपलीकडचा बाजार

आजही हा विषय निघाला की डोकं तापतं माझं, म्हणून सांगूनच टाकते. लग्न होऊन सेलूला आले, तेव्हा यांनी नवाच कॉम्प्युटर घेतला होता. मासिकासोबत मिळालेल्या सीडीत एका गेमचा डेमो होता. पूर्ण गेम अजून यायचाच होता. दुपारी मी तो गुपचूप खेळायची.

एकदा सासऱ्यांचा खोकला ऐकू आला. त्यांच्यासमोर सुनेनं खुर्चीवर बसायचं नाही. दचकून उठताना दोन बटणं एकदम दाबली गेली आणि गेममधला शिपाई किल्ल्याच्या भिंतीतून आरपार गेला! पलीकडे अख्खा बाजार, बनवणाऱ्यांनी अर्धवट सोडलेला. दुकानं होती, पण माणसांना चेहरेच नव्हते.

संध्याकाळी मोठ्या हौसेनं यांना दाखवलं. रविवारी मित्र आले, तर हे म्हणतात, "मीच शोधून काढलं, भाऊ!"

चहाचा ट्रे घेऊन मी दारातच थबकले.

"मंग दाखव ना," मित्र म्हणाले.

शिपाई भिंतीवर नुसता आपटत राहिला. हे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "अवं, बटणं कोणती होती?"

"शोधलं कोणं, ते पयले मित्रायले सांगा."

"काऊन इज्जत घालवून राह्यली माही?"

मी ट्रे ठेवला आणि आत गेले. मागून यांचा आवाज आला, "सीडीच खराब आहे, भाऊ."

त्या घरात मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले, "सीडी चांगली आहे. सांगणारा खोटा आहे!"