घसा मोकळा

...आणि विचारायचं नाही म्हणजे नाहीच, तुम्हाला सांगते, आमच्या घरातला पहिला नियम, मी बोलायला लागले त्याच्याही आधीपासूनचा: गिऱ्हाईकाला 'कशाला' विचारायचं नाही. 'काय करायचंय' विचारा, 'कधीपर्यंत हवंय' विचारा, 'चावी कुठंय' विचारा, पण 'कशाला'? अजिबात नाही. आमचं गॅरेज आहे ना, बाबांचं आणि मोठ्या काकांचं, खाली गॅरेज आणि वर आम्ही, म्हणजे मी पाळण्यात अंगाईऐवजी ग्राइंडर ऐकलेली मुलगी. चौदा वर्षांची असताना एकदा चुकून विचारलं होतं. विमा कंपनीतला एक कारकून, इतका हळू बोलायचा की प्रत्येक वाक्याला दोनदा 'काय?' म्हणावं लागायचं, तो म्हणाला, गाडीचा आवाज वाढवून द्या. मी म्हटलं, कशाला? तो बिचारा लाल झाला आणि गाडी घेऊन निघूनच गेला. मग काका. काका बोलताना हवेत पाना फिरवतात, हातात पाना नसला तरी. म्हणाले, "डॉक्टर विचारतो का, कशाला आजारी पडलात म्हणून?" अहो, विचारतो की... तोच तर पहिल्यांदा विचारतो. पण हे बोलायची सोय नाही, कारण ते मोठे, आणि मी कोण, तर शिकलेली. आमच्या घरात 'शिकलेली' हा शब्द 'गळकी' म्हटल्यासारखा म्हणतात.

तर ही गळकी मुलगी पदवी घेऊन घरी आली आणि बाबांनी तिला काउंटरवर बसवलं, कारण तिचं अक्षर चांगलं. भौतिकशास्त्र शिकले हो मी, ध्वनीवर प्रकल्प केला होता, आणि काम काय, तर जॉबकार्ड लिहायची. ब्रेक घासले, आरसा बसवला, घसा मोकळा... हां, हे तुम्हाला कळणार नाही. 'घसा मोकळा' हा आमचा घरचा शब्द. सायलेन्सरच्या पोटात पडदे असतात, आवाज दाबायला, ते कापून काढायचे. आणि इंजिनाच्या कंप्युटरमध्ये वेगाला एक लगाम घातलेला असतो, तोही सोडवायचा. दोन्हींना मनाई आहे, म्हणून कार्डावर लिहायचं: घसा मोकळा. काकांनी शोधलेला शब्द, त्याचा त्यांना इतका अभिमान, जणू इंजिनच त्यांनी शोधलंय.

आणि मी लिहीत होते, बरं का. दोन वर्षं, सुवाच्य अक्षरात. तुमच्यापासून कशाला लपवू?

शुक्रवारी रॉकेट आला. रॉकेट म्हणजे एक पंचविशीतला इसम, त्याच्या आईसकट सगळे त्याला रॉकेटच म्हणतात. म्हणाला, "सोमवारी सकाळच्या आत व्हायला पाहिजे ताई, पैज आहे. पेट्रोल पंपापासून पुलापर्यंत." आता पेट्रोल पंप आणि पूल यांच्या मधोमध काय आहे? शाळा आहे. मी त्याच शाळेत गेलेय. सोमवारी सकाळी शाळेसमोर काय असतं, ते सांगायला भौतिकशास्त्र लागत नाही. माझ्या जिभेवर आलं होतं, तुम्हाला सांगते, अगदी टोकावर... पण गिऱ्हाईकाला 'कशाला' विचारायचं नाही. मी लिहिलं, 'घसा मोकळा, रविवार संध्याकाळपर्यंत', आणि खाली रेघ मारली, तातडीचं म्हणून.

शाळेच्या फाटकाशी एक मावशी उभ्या असतात, हातात 'थांबा' लिहिलेली लाल पाटी. मुलांना रस्ता ओलांडून देतात. मलाही दिलाय, दहा वर्षं. त्यांनी पाटी वर केली की बस थांबायची, ट्रक थांबायचा, एकदा तर आमदारांची गाडी थांबली होती. रॉकेट नाही थांबला.

त्यानंतर गावभर एकच चर्चा, शिक्षा काय द्यायची. ज्याला त्याला मत. निवृत्त मुख्याध्यापक म्हणतात, "असल्या गाड्या रोलरखाली चिरडा, आणि चिरडताना मालकाला समोर उभा करा." केशकर्तनवाले म्हणतात, "परवाना काढून घ्या." मग खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणतं, "त्याच्याकडे परवाना होता कुठे?" आमचे काका तर चौकात उभे राहून सांगायचे, "मोठा आवाज म्हणजे सुरक्षितता. लांबूनच कळतं ना माणसाला, गाडी येतेय म्हणून." मावशींना कळलं होतं की. ऐकू आलं होतं म्हणून तर त्यांनी दोन मुलांना मागे ढकललं. मग स्वतः बाजूला व्हायला वेळच उरला नाही. डावा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. आता सांगा, कुठल्या सुरक्षिततेत बसतं हे?

मग नगरपालिकेनं जाहीर सुनावणी ठेवली. नवा नियम येणार होता: शर्यत लावणाऱ्याची गाडी जप्त, आणि ज्या गॅरेजनं गाडीत फेरफार केला त्या गॅरेजला टाळं. आमच्या घरात या दुसऱ्या भागावर फार शांततेत चर्चा झाली, म्हणजे दोन कप फुटले. कारण पोलिसांनी रॉकेटच्या गाडीतून काय काढलं असेल? आमचं जॉबकार्ड. माझं सुवाच्य अक्षर.

काका म्हणाले, "हिलाच पाठवा. शिकलेली आहे, चार माणसांत बोलेल." बघा, त्या दिवशी गळकी नव्हते मी. "घसा मोकळा म्हणजे धुराची नळी साफ केली, एवढंच सांगायचं. तुझंच अक्षर आहे, तुझ्या तोंडून पटेल." मी बाबांकडे बघितलं. बाबा हाताचं ग्रीस पुसत होते, हात स्वच्छच होते, तरी पुसत होते. म्हणाले, "पोरी, आठ माणसांची घरं चालतात या शटरवर." खरं आहे हो. त्या आठांतले सगळे मला ताई म्हणतात. एकाची मुलगी त्याच शाळेत जाते.

मी म्हटलं, "पण खोटं कशाला बोलायचं?"

"तेवढं विचारू नकोस," काका म्हणाले. बघा, गिऱ्हाईकासाठीचा नियम कसा घरभर पसरतो.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात, अकरा वाजता. पुढच्या रांगेत सगळे गॅरेजवाले, इस्त्रीचे कपडे, त्यांच्यात मधोमध काका आणि बाबा. मागे, दाराजवळ, चाकाच्या खुर्चीत मावशी. समोर अधिकारी बाई, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी माझं कार्ड वर धरलं आणि विचारलं, "घसा मोकळा. हे काय आहे? गाडीला खोकला झाला होता?"

लोक हसले. काका सगळ्यात मोठ्यानं हसले आणि मला मान हलवून खूण केली, बोल म्हणून. मी उठले. पाठ केलेलं सगळं वाक्य तोंडात तयार होतं, आणि आवाजच निघेना. एकदा खाकरले, दोनदा खाकरले... ध्वनीवर प्रकल्प केलेली मुलगी. मागून मावशी म्हणाल्या, "अगं, कुणीतरी पाणी द्या तिला. घसा बसलाय बिचारीचा. लहानपणापासून असंच होतं तिचं, गडबडली की."

पाणी कुणी दिलं आठवत नाही. प्यायले. आणि सांगितलं. पडदे कसे कापतात ते सांगितलं, लगाम कसा सोडवतात ते सांगितलं. पैज आहे हे मला शुक्रवारीच माहीत होतं, तेही सांगितलं. 'माझ्या वडिलांच्या गॅरेजमध्ये' असं मी म्हणाले. काका अर्धे उठले, "ती घाबरलीय, तिला काय म्हणायचंय ते—" मी म्हटलं, "मला जे म्हणायचंय तेच म्हणतेय काका. धुराची नळी साफ केली असं मी म्हणणार नाही. कार्डही यापुढं मी लिहिणार नाही."

काकांचा हात हवेत तसाच राहिला, फिरायचा थांबला. बाबा आपले हात बघत होते.

नियम झाला, आणि शटरला टाळं लागलं, तीन महिन्यांसाठी. आठांपैकी पाच जण दुसरीकडे लागले, तीन जण रस्त्यात दिसले तर पलीकडच्या बाजूनं जातात. गाड्यांच्या आवाजाची मर्यादा किती ठेवायची यावर नगरपालिकेनं नेमलेली समिती अजून बसलेलीच आहे. आमच्या घरात मात्र मर्यादा त्याच दिवशी लागू झाली. ताट वाढलं जातं, मीठ सरकवलं जातं, पण शब्द म्हणून नाही. मी वाट बघते हो. रोज. कुणीतरी एकदा तरी विचारेल, असं कशाला केलंस म्हणून... सांगायला सगळं तयार आहे माझं.

पण आमच्या घरात 'कशाला' विचारत नाहीत.