मास्तर अजून कच्चे आहेत

बाई : ब्लाउजचं राहू द्या हो, मास्तर. तो बेतलाय छान. मी बोलतेय ते, मंगळवारी मी पडद्यामागे होते, त्याबद्दल.

मास्तर : कुठल्या पडद्यामागे?

बाई : तुमच्याच. कपडे घालून बघायच्या. तुम्ही जेवायला गेला होतात, मास्तरीणबाईंनी मला आत पाठवलं. तेवढ्यात तुम्ही आलात आणि काजबटणवाल्याला उधळ्या मुलाची गोष्ट समजावायला बसलात.

मास्तरीण : मी खुणा करत होते. कात्रीसुद्धा आपटली. पण बायबल हातात आलं की यांना बायको कुठली दिसायला.

मास्तर : तू जरा गप गं.

बाई : एक हात बाहीत, एक बाहेर, अशी उभी होते मी. आणि तुम्ही पानं न चाळता इथलं वचन तिथल्याला जोडत होतात. तेच तुम्ही, गेल्या गुरुवारी मी नेहमीसारखी बायबल शिकवायला आले आणि विचारलं की बापाचा पैसा उधळून बसलेल्या त्या मुलानं डुकरं राखायचं काम का धरलं, तर काय म्हणालात?

मास्तर : पगार बरा असेल.

बाई : पगार बरा असेल. घसा कोरडा पडेस्तोवर समजावलं मी. शेवटी मान डोलवून म्हणालात, "आत्ता कुठे डोक्यात उजेड पडला, बाई."

मास्तरीण : ते वाक्य यांनी आरशासमोर बसवलं होतं.

बाई : कधीपासून चाललंय हे?

मास्तर : झाले बरेच महिने. दुकान उघडायच्या आधी वाचतो. तुम्हीच शिकवलंत, आधी आपलं आपण वाचायचं, अडेल तिथं थांबायचं, मागचं-पुढचं पाहून उत्तर शोधायचं. तसं केलं, तर सापडायला लागलं. त्याला मी काय करू?

बाई : मला सांगायचं.

मास्तर : सांगणारच होतो. पण पहिल्या दिवशी तुम्ही याच खुर्चीत बसून म्हणाला होतात, "मास्तर, मी म्हणजे कच्चा दोरा. तुमची पक्की शिलाई पडली की मला ओढून काढायचं. मग मी दुसऱ्या कुणाकडे जाईन."

बाई : मग?

मास्तर : मग काय. नाही ओढला.

मास्तरीण : आमच्याकडे माणसं येतात ती माप द्यायला, नाहीतर माप चुकलं म्हणून भांडायला. नुसतं बसायला तुम्हीच येता.

बाई : प्रार्थनेला जमलेल्या आमच्या मंडळीत सगळ्यांसमोर उभी राहून मी सांगितलं, माझा विद्यार्थी जरा मंद आहे, पण मी धीर सोडणार नाही. सगळ्यांनी तुमच्या बुद्धीसाठी प्रार्थना केली, मास्तर. गुडघे दुखणाऱ्यांनीसुद्धा गुडघे टेकले.

मास्तर : गुण आला म्हणायचं.

बाई : हसू नका. बेकरीवाल्याची सून कितीदा माझ्या दारी आली. मला वाचायला शिकवा, म्हणाली. दर वेळी मी सांगितलं, थांब बाळ, आमचे मास्तर अजून कच्चे आहेत. परवा कळलं, तिनं नाद सोडला.

मास्तर : हे मला ठाऊक नव्हतं.

बाई : तुम्हाला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे आता मी कशावरून ओळखायचं?

(मास्तरीण इस्त्री उभी करून ठेवते.)

मास्तरीण : यांना एकट्यांना बोलू नका, बाई. मीच म्हटलं, आणखी थोडे दिवस अडाणी राहा. बाईंची शाळा संपली, साहेब गेले, घर खायला उठतं त्यांना.

बाई : म्हणजे कीव केलीत. मला वाटत होतं मी तुमच्यासाठी येतेय, आणि तुम्ही मला रमवत बसला होतात.

मास्तर : तसं नाही हो. माझ्याआधी तुमच्याकडे शिकणारा तो रंगारी पळाला, चष्मेवाला पळाला. मी टिकलो तरी.

बाई : पळाले ते तोंडावर सांगून पळाले. द्या ती पिशवी.

मास्तरीण : पाणी तरी घ्या.

बाई : नको. बेकरीवर जाऊन येते. ती पोर ऐकून घेते का बघते.

मास्तर : आणि गुरुवार?

बाई : गुरुवारी तुमचं माझ्यावाचून काय अडणार?

मास्तर : एक अडलंय. शपथ नाही घेत, पण खरंच अडलंय. त्या उधळ्याचा थोरला भाऊ, इतकी वर्षं इमानानं राबलेला. धाकटा परत आला म्हणून घरात गाणंबजावणं चाललेलं, हा बाहेर रुसून उभा. बाप येऊन समजूत घालतो. मग तो आत गेला का?

बाई : तुम्हाला काय वाटतं?

मास्तर : मला माहीत नाही, बाई. तिथं दिलेलंच नाही.

बाई : नाही दिलेलं. बरोबर आहे... गेल्या गुरुवारपर्यंत, मास्तर, मला तुमचं "माहीत नाही" फार आवडायचं.