दहा फुटांचा बोगदा

— नाही मॅडम, आधी तो टॅब बाजूला ठेवा. ठेवा म्हणतो ना! मालवाहतुकीचा आराखडा करताय, जळगाव-धुळ्याचा, केळी कुठून निघते, कापूस कुठून जातो, रोजच्या गाड्या किती — ऐकलं मी सगळं. पाणी प्या, ऊन आहे. पण हे विचारायला तुम्ही काही पहिल्या आला नाहीत. तीन वर्षांपूर्वी एक साहेब आले होते, इथंच लिंबाखाली बसले, असंच गोड बोलले — आणि झालं काय? तो चौपदरीखालचा बोगदा झाला! येताना बघितलात ना? उंची किती त्याची? दहा फूट. आमची केळीची गाडी भरली की तेरा फूट. आता ती त्यातून काढायची कशी, सांगा ना — वरचे घड काय आम्ही डोक्यावर घेऊन पळायचं?

आधी कसं होतं, मळ्यातून गाडी निघाली की चौपदरीला कट होता, ओलांडला की पाच मिनिटांत पलीकडे, मग दिल्ली म्हणा, पंजाब म्हणा. तो कट बुजवला. आता भरलेली गाडी पाटाच्या रस्त्यानं एकोणीस किलोमीटर फिरते — आणि रस्ता कसला, इकडे पाट, तिकडे केळी, समोरून ट्रॅक्टर आला की एकानं मागं जायचं. मे महिन्यात माल गाडीतच पिकायला लागतो. व्यापारी म्हणतात, पंडितआबा, तुमच्या बाजूला गाडी लावत नाही आता. बठ्ठं काम, सगळंच्या सगळं, पलीकडे गेलं! माझ्या टोळीत चाळीस माणसं होती, मी मुकादम — आता मोजा, चौदा दिसतील.

आणि कौतिक. तो नाही दिसणार. माझ्याच गावचा, साक्रीकडचा, बावीस वर्षं माझ्याबरोबर. घड असा उचलायचा की एका केळाला डाग नाही. त्या दिवशी केबिनमध्ये जागा नव्हती, तो वर मालावर बसला. वळणावर ओरडला — "आबा, गाडी झुकी रायनी!" ड्रायव्हरनं ऐकलं, मी ऐकलं, पण गाडी घ्यायची कुठं? गेली पाटात. आम्ही घड उपसत होतो, मॅडम, दिसेल तो घड फेकत होतो, जे हात कधी माल आपटत नाहीत त्या हातांनी — आणि तो सगळ्यात खाली. त्याची बायको, कमलबाई, रडली नाही. माझ्यासमोर येऊन एवढंच म्हणाली, "आबा, गाडी इकडथून का बर आणी?"

काय सांगू तिला? त्या साहेबानं कागदावर लिहिलं — दिवसाला बारा गाड्या. बारा! सीझनला तेव्हा साठ निघायच्या इथून. बारा गाड्यांसाठी कोण उंच बोगदा बांधेल? लहान गाड्यांपुरता बांधला, मोकळे झाले. एवढी शिकलेली माणसं, आणि बारा —

काय? बारा कोणी सांगितल्या म्हणजे? कोणीतरी सांगितल्या असतील.

मी सांगितल्या. झालं? गावात बोलणं उठलं होतं की गाड्या मोजतात म्हणजे टोलनाका येणार. मला वाटलं, कमी सांगावं, नाका टळेल. टोळीलाही बजावलं, कोणी विचारलं तर बाराच म्हणायचं. कौतिकलाही विचारलं त्या साहेबानं. तो हसला माझ्याकडे बघून, आणि म्हणाला, बारा. माझ्या शब्दाबाहेर नव्हता तो — पण मी म्हणतो, एक दिवस, एक दिवस रस्त्यावर उभं राहून मोजायला काय झालं होतं त्यांना? एका मुकादमाच्या तोंडावर रस्ता ठरवतात होय?

असं नका बघू. कमलबाईला माहीत नाही हे. टोळीबाहेर आजपर्यंत कोणालाच नाही, आणि तुम्हाला कशाला बोललो — नाही, माझं नाव लिहू नका. आकडासुद्धा लिहू नका माझा. खुर्ची घ्या ती, पाटाच्या वळणावर जाऊन बसा आणि स्वतः मोजा. जा, पोरी. गाडी लागली, मला माल भरायचाय.