जपानी चांदणी

डिंडोलीच्या दवाखान्यात सुधाकर दाढ ठणकते म्हणून गाल धरून बसला होता. कान मात्र ठणठणीत होते. शेजारी लूमवर कापड विणणारा हिलाल, हाताला रक्ताळलेला रुमाल. पलीकडे हिलालची बायको पुष्पाबाई.

"तुमची ती चांदणी पिशवीत घातलीय. जाताना भंगारात देणार!"

"अगं, जपानी हत्यार आहे ते! कराटेच्या सरांकडचं बघून पत्र्यातनं कापलं."

"आणि हातही कापला!"

"माझंच चुकलं. लूमच्या धोट्यासारखी सरळ ढकलली. सरळ फेकायची ती दुसरी, दाभणासारखी सळई असते. चांदणी गरकन फिरवून सोडायची. चार टोकांची असते, सहाची, आठाचीपण."

"एवढ्याशानं माणूस मरतो?"

"मारायला नाही गं. समोरचा दचकून डोळे मिटतो, तेवढ्यात आपण गायब!"

"अगं बाई! ...मग तुमची कुठं लागली?"

"दारात. रुतून बसली."

"रुतली? खरंच?"

"सुधाकरभाई, आवो!" कंपाउंडर ओरडला.

"यांना आधी घ्या," सुधाकर म्हणाला. दाढ तो विसरलाच होता.

पुष्पाबाईनं पिशवीतून चांदणी काढली, उजेडात धरली.

"टाके घालून या लवकर. घरी गेल्यावर फक्त सांगा, कशी फिरवायची. फेकते मी."