पाच म्हणजे पाचच ना?

पी-शिया : पिवळं ठेवलं म्हणून झालं सगळं. मला तेव्हाच वाटलं होतं.

यून-चन : आई, खाऊच्या पाकिटामुळे सर्व्हर बंद पडत नाही.

पी-शिया : हे तू सांगतेस? तुमच्या शिन्चूच्या ऑफिसात प्रत्येक मशीनच्या डोक्यावर हिरवं पाकीट बसवलेलं असतं, मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून. फोटो तूच पाठवलेलास. म्हातारा पण हिरवंच ठेवायचा आणि तारीख उलटायच्या आत बदलायचा. तो गेला एप्रिलमध्ये, पाकिटाची तारीख संपली जूनमध्ये. दुकानात हिरवं नव्हतं, मी पिवळं आणलं. तिसऱ्या आठवड्यात ही सर्व्हरची पेटी बोंबलायला लागली. आता बोल.

यून-चन : बरं बाई, पिवळ्यानंच झालं. जरा सरक. मागची वायर बघू दे मला.

पी-शिया : आधी पेरू खा. नवरा-पोर घरी ठेवून, रविवार मोडून एवढी आलीस आणि आल्या आल्या जमिनीवर लोळायला लागलीस. अगदी बापासारखी. त्याचीही अर्धी पाठ या टेबलाखाली झिजली.

यून-चन : नंतर खाते.

पी-शिया : नंतर काळा पडतो तो. आणि हे बघ, बाकीचं तुझं काय चालायचं ते चालू दे, मला फक्त एकदा 'चहा गार होतोय' ऐकव. मंगळवारपासून सहा सकाळी झाल्या.

यून-चन : तू रोज ऐकतेस ते?

पी-शिया : रोज. सकाळी सहाला टीव्ही लावायचा, त्याचा फोल्डर उघडायचा, सात नंबर दाबायचा. 'पी-शिया, चहा गार होतोय.' मग मी चहा पिते. काय झालं? अशी काय बघतेस?

यून-चन : काही नाही. मला माहीत नव्हतं.

पी-शिया : तू कधी विचारलंस? आणि सांगण्यासारखं त्यात आहे काय. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, रोज लागतील ती वाक्यं आताच बोलून ठेवा, पुढे टॅबलेटवर बोट लावाल तसं वाजेल. बाकीची माणसं वीस-पंचवीस करतात म्हणे. हा तीन दिवस खोलीचं दार लावून बसला. ऐकलं तर काय, 'मांजर बाहेर काढा.' आपल्याकडे मांजर होतं कधी?

यून-चन : खालच्या मजल्यावरच्यांचं यायचं की.

पी-शिया : ते तर केव्हाच मेलं होतं. आणि एक वाक्य होतं, 'तू म्हणतेस ते बरोबर आहे.' ते दोन वर्षं दहा महिन्यांत एकदाही वाजवलं नाही त्यानं. नुसतं भरून ठेवलेलं.

यून-चन : हसवू नकोस, स्क्रू पडेल.

पी-शिया : हस की. शेवटच्या फाईलवर नंबर होता ऐंशी. मी म्हटलं वा, ऐंशी वाक्यं! तो गेल्यावर एकदा बसून मोजली, तर त्रेसष्ट.

यून-चन : बाकीची पुसली बाबांनी?

पी-शिया : केलीच नव्हती. तो आकडाच गाळून टाकलेला, जिथे जिथे येईल तिथे. तीननंतर पाच, तेरानंतर पंधरा. चाळिशी तर अख्खी गायब. एकोणचाळीसवरून उडी, थेट पन्नासावर.

यून-चन : चार गाळला?

पी-शिया : म्हणू नकोस ना घरात! तो आकडा आणि मरण आपल्या तोंडात एकसारखं वाजतं. घसा कापून घ्यायला निघालेला माणूस तो लिहील होय? आपली लिफ्टसुद्धा तीनवरून पाचावर येते. म्हातारा तर लिफ्टच्याही वरचढ. आठवतं ना, तुझ्या शाळेच्या वह्यांवर सुद्धा...

यून-चन : आई.

पी-शिया : काय?

यून-चन : टॉर्च धर इकडे. नाही, पेटीच्या तोंडावर. हे कप्प्यांवरचे स्टिकर बाबांनीच लावलेत ना?

पी-शिया : मग? मी लावणार होते?

यून-चन : वाच.

पी-शिया : चष्मा नाहीये माझा.

यून-चन : चष्मा डोक्यावर आहे. वाच.

पी-शिया : एक. दोन. तीन. पाच. सहा.

यून-चन : कप्पे किती आहेत?

पी-शिया : पाच.

यून-चन : पाच कप्प्यांच्या पेटीवर सहा नंबर कुठून आला?

पी-शिया : सांगितलं ना आत्ताच. त्यानं तो आकडा... थांब. थांब हं. सोमवारी तू फोनवर काय म्हणालीस?

यून-चन : मशीननं मला मेल पाठवला होता. 'पाच नंबरची डिस्क खराब.' मशीन आपलं सरळ मोजतं, एक ते पाच. त्याचा पाच म्हणजे शेवटचा कप्पा. हा, ज्याच्यावर सहा लिहिलंय.

पी-शिया : आणि मी काढली ती...

यून-चन : तू काढलीस ती त्याच्या शेजारची. ती चांगली होती.

पी-शिया : मी तुला विचारलं होतं.

यून-चन : हो.

पी-शिया : मी म्हटलं, यून-चन, पाचचा दिवा हिरवा आहे गं, सहाचा तांबडा आहे. पाच म्हणजे पाचच ना?

यून-चन : आणि मी म्हटलं, आई, दिव्याकडे बघू नकोस, मी सांगते ते कर, पाच म्हणजे पाच, मला मीटिंग आहे.

पी-शिया : मीटिंग होतीच ना तुला?

यून-चन : होती.

पी-शिया : मग झालं तर. चांगली काढली तर काढली. परत बसव.

यून-चन : तेच म्हणतेय. कुठे ठेवलीस ती? ती मिळाली ना, तर मी सगळं उभं करते, रोजचंच काम आहे माझं. एक खराब झाली तरी चालतं, बाबांनी मुद्दाम तसं बांधलंय. प्रत्येक गोष्टीचे तुकडे पाचही डिस्कांवर वाटलेत. पाचातली एक गेली तरी बाकीच्या चार...

पी-शिया : यून-चन!

यून-चन : बाकीच्या, उरलेल्या डिस्कांवरून तिचा हिस्सा परत भरून काढता येतो. दोन गेल्या तर मात्र नाही. बोल ना, कुठेय? कपाटात?

पी-शिया : गुरुवारी गाडी आली होती.

यून-चन : कसली गाडी?

पी-शिया : कसली म्हणजे? कचऱ्याची, ती गाणं वाजवत येते ती. तिच्या मागची, भंगाराची. गुरुवारी लोखंड-पत्रा घेतात.

यून-चन : दिलीस तू?

पी-शिया : खराब झालेली वस्तू घरात ठेवायची नाही, असं तुझ्या बापाचंच होतं.

यून-चन : हरकत नाही. गुरुवार म्हणजे तीनच दिवस झाले. त्यांचं गोदाम कुठेय? मी आत्ता जाते. डिस्क आपटली-बिपटली तरी आतलं सहसा...

पी-शिया : खिळे मारले मी.

यून-चन : काय?

पी-शिया : तीन. तो मारायचा तसेच. 'डिस्क घराबाहेर जायची तर मरूनच गेली पाहिजे, नाहीतर कोणीतरी घरातलं सगळं वाचेल.' मी त्याला कितीदा बघितलं होतं. गच्चीत पोतं घातलं, विटेवर ठेवली, आणि आरपार तीन खिळे. बुधवारी दुपारी. शेजारच्या त्साई बाई म्हणाल्या सुद्धा, साहेबांसारखाच हात बसलाय हो तुमचा. मला बरं वाटलं ते ऐकून.

यून-चन : आई...

पी-शिया : त्यात होता का तो? त्या डिस्कमध्ये?

यून-चन : अख्खे नाही. तुकडे होते.

पी-शिया : कुठल्या वाक्याचे?

यून-चन : सगळ्यांचेच. थोडे थोडे.

पी-शिया : मांजराचे पण?

यून-चन : मांजराचे पण.

पी-शिया : ती खराब झालेली, ती अजून आहे ना इथे? सहावाली? ती लाव की. माणूस आजारी असला म्हणून बोलायचाच राहतो असं नाही.

यून-चन : तेच करतेय. शेवटचं बघते. हात लावू नकोस टेबलाला.

(पेटीतून टक्, टक्, टक् असा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो, आणि बंद होतो. यून-चन गेली बारा वर्षं हा आवाज ओळखते. पी-शियाचा चेहरा उजळतो.)

पी-शिया : बघ! बोलली!

यून-चन : नाही आई.

पी-शिया : मी ऐकलं ना आत्ता.

यून-चन : वाचणारी सुई तुटलीय. तबकडीवर आपटतेय. जेवढा वेळ चालवीन तेवढं खरवडत जाईल. ऑफिसात असा आवाज आला की आम्ही स्विच बंद करतो आणि उठतो.

पी-शिया : मग बंद कर.

यून-चन : केली.

पी-शिया : टॅबलेटमध्ये असेल. तो तर सगळीकडे घेऊन फिरायचा, बाजारात भाजीवालीशी पण त्यावरच बोलायचा.

यून-चन : टॅबलेट इथूनच घेऊन वाजवायचा. रिकामा आहे तो. सकाळी पहिलं तेच बघितलं मी.

पी-शिया : मग तुझ्याकडचं? अगं, दुसरी पेटी! त्यानं दोन बांधल्या होत्या. एक इथे, एक तुझ्याकडे. इथं आग लागो, भूकंप होवो, शिन्चूत नक्कल राहील. मीच तर फोम लावून खोकं बांधून दिलं होतं. पत्त्याची चिठ्ठी माझ्या हातची. दर रविवारी इथलं सगळं आपोआप तिकडे जायचं. मग रडतेस काय वेडे? तिकडून आण!

यून-चन : ती चालू नाहीये.

पी-शिया : चालू कर घरी गेलीस की.

यून-चन : आई, ती पेटी बाळ झालं तेव्हाच बंद केली मी. पंखा घरघरायचा, बाळ दचकून उठायचं. म्हटलं एक आठवडा काढू वायर. मग ती बुटांच्या कपाटावर गेली. मग घर बदललं. बाबांचं ऑपरेशन वायर काढली त्याच्या पुढच्याच महिन्यात झालं. आवाज त्यात गेलाच नाही कधी.

पी-शिया : हं.

यून-चन : बाबांनी एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, त्यांना कळलंच नसेल.

पी-शिया : न कळायला काय झालं. पेटी दर रविवारी त्याला पत्र पाठवायची.

यून-चन : हो. पाठवते. मीच तर ते बसवून दिलं होतं त्यांना.

पी-शिया : तो खालचा खण उघड. निळी वही. नाही, ती औषधांची. तिच्याखालची. बघ, डिस्क कधी घेतली, पंखा कधी पुसला, पाकीट कधी बदललं, सगळं आहे. आता मागून उघड. रविवारची पानं.

यून-चन : 'रविवार. नक्कल झाली नाही. यून-चनला काम असेल.'

पी-शिया : पुढे.

यून-चन : 'रविवार. नक्कल झाली नाही. यून-चनला काम असेल.' सगळी पानं हीच आहेत?

पी-शिया : त्याच्या हातचे एकशे एक्कावन्न रविवार. मोजलेत मी. एकदा हॉस्पिटलात होता तेव्हा मला खुणेनं वही मागितली. नळ्या लावलेल्या, आणि हा लिहितोय. मी म्हटलं, अरे म्हाताऱ्या, पोरीला एक फोन कर, म्हणावं वायर लाव, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. त्यानं टॅबलेट घेतला, आणि काय वाजवलं असेल?

यून-चन : काय?

पी-शिया : 'मांजर बाहेर काढा.' म्हणजे मी गप्प बसावं. तेव्हा कळलं मला, हे वाक्य त्यानं कशासाठी करून ठेवलं होतं.

यून-चन : हे अक्षर बदललंय. एप्रिलनंतरचं.

पी-शिया : माझं आहे.

यून-चन : तू पण तेच लिहितेस?

पी-शिया : मला दुसरं काय येतं त्यातलं? तो लिहायचा ते बघून लिहिते.

यून-चन : आई, मी तुला चिडून बोलले त्या दिवशी. तू बरोबर बघत होतीस. दिवा हिरवा होता. मशीनमधलं तुला काय कळतं, असं मनात होतं माझ्या.

पी-शिया : हात मी घातला, खिळे मी मारले.

यून-चन : मी सांगितलं म्हणून.

पी-शिया : तू सांगितलंस, मी काढली, नंबर त्यानं लावले. तिघांनी मिळून केलं. घरात इतकी वर्षं तिघं होतो, तिघांनी मिळून कधी एक भिंतसुद्धा रंगवली नाही, हे मात्र जमलं. कोणी विचारलं तर सांगायचं, पाकीट पिवळं होतं.

यून-चन : कोण विचारणार आहे?

पी-शिया : देव्हाऱ्यात फोटो आहे ना त्याचा. संध्याकाळी उदबत्ती लावताना मलाच बोलायला लागेल. तुझं काय, तू जाशील पाचच्या गाडीनं.

यून-चन : नाही जात.

पी-शिया : बरं. ती वही आहे ना हातात? आज रविवार. लिहून टाक.

यून-चन : काय लिहू?

पी-शिया : रोजचंच. 'नक्कल झाली नाही.'

यून-चन : लिहिलं.

पी-शिया : पुढचं?

यून-चन : ते नाही लिहिता येत मला. आज मला काही काम नाहीये, आई.

पी-शिया : मग तसं लिही. आणि ऊठ आता जमिनीवरून. यून-चन, चहा गार होतोय.